मुक्काम आणि बिऱ्हाड : एका लोखंडी पांथशाळेचा इतिहास

मराठीत 'मुक्काम' आणि 'बिऱ्हाड' हे दोन शब्द एकमेकांच्या शेजारी नांदत आले आहेत. मुक्काम हा प्रवाशाचा. तो एका रात्रीचा, फार तर चार दिवसांचा. बिऱ्हाड या शब्दाचा अर्थ मात्र काळाबरोबर सरकत गेला. जुन्या वापरात परगावी उतरण्याची, तात्पुरते राहण्याची जागा म्हणजे बिऱ्हाड. पुढे भाड्याच्या खोलीत मांडलेल्या संसारालाही बिऱ्हाडच म्हणू लागले, आणि मालकाच्या वाड्यात पिढ्या काढणारा भाडेकरू 'बिऱ्हाडकरू' ठरला. उतरण्याची जागा राहण्याची झाली, तरी शब्द तोच राहिला. भाषेने या एका शब्दात जी वाटचाल साठविली आहे, ती कित्येक वास्तूंच्याही वाट्याला आलेली दिसते. प्रवाशांसाठी बांधलेली जागा संसारांनी भरून जाते, आणि ज्या भिंती पाहुण्याच्या सोयीसाठी उभ्या राहिल्या त्यांना जन्म, लग्न, आजारपण आणि म्हातारपण यांचा भार सोसावा लागतो. तो त्यांना पेलवतो की नाही, याचे उत्तर पुष्कळदा त्या वास्तूच्या मूळ घडणीतच दडलेले असते.

ही घडण समजून घ्यावयाची तर आगगाडीपूर्वीच्या रस्त्यापासून आरंभ केला पाहिजे. नागपूर ते रायपूर हा रस्ता त्या दृष्टीने बोलका आहे. १७४१ मध्ये भास्करपंतांच्या स्वारीनंतर छत्तीसगड नागपूरकर भोसल्यांच्या सत्तेखाली आला. १७५८ पासून १७८७ पर्यंत बिंबाजी भोसल्यांनी रतनपुरास राहून तेथील कारभार पाहिला. १८१८ नंतर ब्रिटिश अधीक्षकाच्या अमलात मुख्य ठाणे रतनपुराहून रायपुरास हलले. सरदार, कारकून, पुराणिक, सावकार अशी मराठी कुटुंबे या वाटेने पूर्वेकडे गेली आणि रायपुरात स्थिरावली. शहरातील तात्यापारा हे वस्तीचे नाव त्या काळाची खूण आजही सांगते. या वाटेवर उतरायला मिळे ते तळ्याकाठी, देवळाच्या ओवरीत किंवा मठात. भोसल्यांचा आश्रय लाभलेला रायपूरचा दूधाधारी मठ हा अशा आतिथ्याचा एक नमुना होय. मठात उतरणाऱ्याला दर विचारावा लागत नसे आणि खोलीवर त्याचा हक्कही निर्माण होत नसे.

१८७७ मध्ये नरेंद्रनाथ दत्त, म्हणजेच पुढील काळातील स्वामी विवेकानंद, आपल्या कुटुंबीयांसह कलकत्त्याहून रायपुरास आले, तेव्हाही ही स्थिती फारशी पालटली नव्हती. नागपूरपर्यंत आगगाडी होती. पुढचा पंधरवड्याचा प्रवास बैलगाडीचा होता. वडिलांच्या कामानिमित्त आलेल्या या कुटुंबाने सुमारे दोन वर्षे रायपुरात काढली. बुढापारा वस्तीतील त्यांच्या वास्तव्याची जागा शहराने आठवणीत जपली आहे. वाटेतले मुक्काम झाडाखालचे आणि शेवटी शहरातले बिऱ्हाड, असा हा प्रवासाचा जुना क्रम होता. १८९१ पर्यंत नागपूरपासून आसनसोलपर्यंत बंगाल-नागपूर रेल्वेचा मार्ग पुरा झाला. रायपूर त्या मार्गावर आले आणि बैलगाडीचे मुक्काम ओस पडले. परंतु त्याच आगगाडीच्या दुसऱ्या टोकाला, मुंबईत, प्रवाशांच्या निवाऱ्याचा अगदी वेगळा प्रकार त्यापूर्वीच उभा राहिला होता. त्याकडे वळण्याआधी जुन्या निवाऱ्यांचे पुढे काय झाले, हे पाहणे उपयोगाचे आहे.

उत्तर हिंदुस्थानातील सराई ही प्रवासी वास्तूची सर्वांत ठाशीव आकृती. उंच तटाचा मोठा चौकोन, त्याला एक किंवा दोन भव्य दरवाजे, तटाला पाठ टेकून ओळीने बांधलेल्या लहान खोल्या, खोल्यांपुढे पडवी आणि मध्ये उघडे आवार. त्या आवारात विहीर, मशीद, जनावरे बांधण्याची जागा. रात्री दरवाजा लागला की आतले सारे सुरक्षित. शेरशहाने आणि पुढे मोगलांनी हमरस्त्यांवर ठरावीक अंतराने अशा सराया उभारल्या. रस्ते बदलले, कारवाँ थांबले, तेव्हा या सराया ओस पडल्या नाहीत. त्यांत माणसे राहू लागली. दिल्लीतील बेर सराय, कालू सराय, लाडो सराय, शेख सराय, युसुफ सराय ही नावे आज वस्त्यांची नावे आहेत. पंजाबातील तरनतारन जिल्ह्यात सराय अमानत खान आहे. ताजमहालावरील अक्षरे कोरविणाऱ्या अमानत खानाने ही सराई सतराव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास बांधली. तिच्या तटाच्या आत आज गाव नांदते आहे. एकेका प्रवाशाच्या खोलीत एकेक घर शिरले; कुणी पडवी बंद करून घेतली, कुणी पुढे ओटा काढला, कुणी वर माडी चढविली.

मराठी मुलखात सराईपेक्षा धर्मशाळा अधिक रुजली. अहिल्याबाई होळकरांनी देशभरच्या तीर्थक्षेत्री बांधविलेल्या धर्मशाळांची परंपरा सर्वश्रुत आहे. धर्मशाळेचा आराखडाही चौकाभोवती ओवऱ्या असाच. फरक एवढाच की तिचा मालक राजा नसून पुण्याचा संकल्प करणारा दाता असे. दात्याच्या मनातील धर्म मात्र सर्वांना सारखा उघडा नव्हता. पंढरपुरात अस्पृश्य मानल्या गेलेल्या वारकऱ्यांना उतरायला जागा मिळत नसे, म्हणून गाडगे महाराजांनी १९२० च्या सुमारास तेथे चोखामेळा धर्मशाळा उभी केली. १९४९ मध्ये त्यांनी ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपविली आणि वारकऱ्यांच्या मुक्कामाची जागा विद्यार्थ्यांचे वसतिगृह झाली. येथे वास्तूचा उपयोग पालटला, पण ज्यांना दुसरीकडे दार उघडत नव्हते त्यांच्यासाठी हे दार उघडे राहिले, आणि वास्तू सांभाळणारी एक संस्था तिच्या पाठीशी उभी राहिली.

या दोन उदाहरणांतून दोन गोष्टी ध्यानात येतात. सराई जमिनीवर पसरलेली असते. तिची प्रत्येक खोली स्वतःच्या भिंतींवर उभी असते, म्हणून एकाने आपले छप्पर शाकारले नाही तरी शेजाऱ्याचे कोसळत नाही. वास्तूचे जतन खोलीखोलीने, घराघराने होऊ शकते. धर्मशाळेत हे शक्य नसले, तर एखादी संस्था ती जबाबदारी घेते. निवाऱ्याचे घर होताना वास्तूला यांपैकी एक आधार लागतो. मुंबईच्या ज्या इमारतीला यांपैकी एकही लाभला नाही, तिची कथा यापुढे सांगावयाची आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या दशकात मुंबईने कात टाकली. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात येथील कापसाला सोन्याचा भाव आला. गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांच्या कारकिर्दीत फोर्टचा जुना तट पाडण्यात आला आणि तटाबाहेरचे एस्प्लनेडचे मोकळे मैदान बांधकामासाठी खुले झाले. १८६५ मध्ये कापसाचा फुगा फुटला, पेढ्या बुडाल्या, तरी नव्या शहराचा आराखडा मागे हटला नाही. १८६९ मध्ये सुएझचा कालवा खुला झाला. १८७० मध्ये मुंबई ते कलकत्ता अशी सलग आगगाडी सुरू झाली. विलायतेहून येणारी आगबोट मुंबईस लागावी आणि उतारूने येथून आगगाडीने हिंदुस्थानात शिरावे, अशी नवी घडी बसली. बोटीतून उतरलेला आणि गाडीत अजून न बसलेला हा माणूस रात्र कोठे काढणार? मठ, ओवरी किंवा सराई त्याला चालणार नव्हती. त्याला किंमत देऊन घेतलेली, कुलूप लावता येणारी, नोकरचाकरांनी सज्ज अशी खोली हवी होती.

कापडाच्या व्यापारात नाव मिळविलेल्या जॉन हडसन वॉटसन या इंग्रज व्यापाऱ्याने ही गरज ओळखली. एस्प्लनेडवर, आज काळा घोडा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भागात, १८६७ ते १८६९ या काळात त्याची इमारत उभी राहिली आणि १८७१ मध्ये 'वॉटसन्स एस्प्लनेड हॉटेल' सुरू झाले. आराखडा करणारा रोलंड मेसन ऑर्डिश हा वास्तुविशारदापेक्षा स्थापत्य अभियंता होता. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या कामात त्याचा हात होता, सेंट पँक्रास स्थानकाच्या प्रचंड कमानदार छताच्या रचनेत त्याचा वाटा होता, आणि टेम्स नदीवरील अल्बर्ट पूल पुढे त्यानेच रचला. पूल आणि छते बांधणाऱ्याने जेव्हा हॉटेल बांधावयाचे ठरविले, तेव्हा त्याने तेही पुलासारखेच बांधले. लोखंडाचे भाग इंग्लंडातील डर्बी येथील फिनिक्स फाउंड्रीत ओतविले, बोटीने मुंबईस आणविले आणि येथे जोडून उभे केले.

या रचनेचे वेगळेपण समजण्यासाठी तिच्या अवतीभवतीच्या इमारती आठवाव्यात. त्याच सुमारास थोड्याच अंतरावर सचिवालय, विद्यापीठ आणि उच्च न्यायालय यांचे काम चालू होते. १८७० च्या दशकात पूर्ण झालेल्या या इमारती घडीव दगडाच्या आहेत. त्यांच्या जाड भिंती स्वतःचे आणि वरच्या मजल्यांचे ओझे पेलतात. भिंतीला भोक पाडावयाचे तर कमान घालावी लागते. वॉटसनच्या इमारतीत भिंतीला हे काम नव्हते. ओतीव लोखंडाचे खांब आणि त्यांवर तोललेल्या तुळया यांचा पिंजरा सगळा भार जमिनीपर्यंत नेई. खांबांमधली वीट केवळ वारापाऊस अडवीत असे. ती काढली काय, हलविली काय, मजला जागचा ढळत नसे. इंग्लंडमध्ये शीअरनेस येथील गोदीतील बोटींचे कोठार १८६० मध्ये याच विचाराने लोखंडी सांगाड्यावर उभे राहिले होते. शिकागोत पोलादी सांगाड्याचे उंच मनोरे उठले ते त्यानंतर दोन दशकांनी. मुंबईची ही इमारत त्या मधल्या काळातील आहे. भारतात ओतीव लोखंडाच्या सांगाड्यावर उभी असलेली ही सर्वांत जुनी शिल्लक इमारत मानली जाते.

पाच मजली इमारतीत १३० खोल्या होत्या. तळमजल्यावर दिवाणखाना, भोजनगृह आणि मद्यगृह. खोल्या मधल्या चौकाभोवती मांडलेल्या होत्या. सुमारे ३० मीटर लांब आणि ९ मीटर रुंद अशा त्या चौकावर काचेचे छत होते आणि खाली नाचाचा दालन होता. बाहेरच्या बाजूने प्रत्येक मजल्यावर लांबच लांब सज्जे धावत, आणि खोल्यांची दारे त्या सज्जांत उघडत. मराठी डोळ्याला ही आकृती अगदीच परकी वाटण्याचे कारण नाही. वाड्याचा चौक येथे काचेखाली झाकला गेला होता आणि वाड्याची ओसरी बाहेरच्या अंगाला, एकावर एक अशी, लोखंडी ब्रॅकेटांवर टांगली गेली होती. समुद्राची झुळूक खोलीत शिरावी, ऊन मात्र सज्जातच अडावे, ही त्यामागची योजना. सज्जा ही सर्वांची वाट आणि प्रत्येक खोलीपुढचा तेवढा तुकडा त्या त्या पाहुण्याची बैठक, अशी दुहेरी भूमिका तो बजावी. याच सज्ज्याने पुढे इमारतीचे भवितव्य ठरविण्यात मोठा वाटा उचलला.

हे हॉटेल युरोपीय पाहुण्यांसाठी होते. तेथील सोयीही त्यांनाच समोर ठेवून केलेल्या होत्या. जमशेटजी टाटांना येथे प्रवेश नाकारला गेला आणि त्या अपमानातून १९०३ मध्ये ताजमहाल हॉटेल उभे राहिले, अशी आख्यायिका मुंबईत पिढ्यान्पिढ्या सांगितली जाते. तिला भक्कम पुरावा नाही; पण ती टिकली, याचा अर्थ या इमारतीच्या दारातील भेदभाव लोकांना चांगला ठाऊक होता. १८९६ च्या आरंभी अमेरिकन लेखक मार्क ट्वेन येथे उतरला होता, आणि आपल्या प्रवासवर्णनात त्याने सज्ज्यावर येणाऱ्या कावळ्यांचे मिस्कील वर्णन केले. त्याच वर्षी ७ जुलै रोजी ल्युमिएर बंधूंचा प्रतिनिधी मारियस सेस्तिए याने येथे हलत्या चित्रांचा खेळ दाखविला. तिकीट एक रुपया होते. भारतातील चित्रपटाचा हा पहिला जाहीर खेळ. आठवड्याभरात हे खेळ नॉव्हेल्टी नाटकगृहात गेले आणि सर्व थरांतील मुंबईकरांना खुले झाले. तीन वर्षांनी, १८९९ मध्ये, सावे दादा या नावाने ओळखले जाणारे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर यांनी मुंबईतल्या हँगिंग गार्डनमधील कुस्तीचे चित्रण केले. जे दालन मूठभरांसाठी उघडले होते, तेथून सुरू झालेली कला अशा रीतीने शहराची झाली.

ताज सुरू झाल्यावर वॉटसनचा दिमाख ओसरला. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हॉटेल म्हणून त्याची ओळख मावळली. इमारतीचे मालक बदलले, नावही बदलले; ती आधी महेंद्र मॅन्शन आणि मग एस्प्लनेड मॅन्शन झाली. १९६० च्या दशकापर्यंत तिचे लहान लहान गाळ्यांत तुकडे पडले होते. प्रत्येक गाळ्याला स्वतंत्र दार आणि स्वतंत्र भाडेकरू. २००५ च्या सुमारास येथे ५३ कुटुंबे राहत होती आणि ९७ व्यावसायिक गाळे चालू होते. न्यायालये शेजारीच असल्याने त्यांतील बहुतेक वकिलांच्या कचेऱ्या होत्या. वकिलाच्या कचेरीच्या भिंतीपलीकडे स्वयंपाकघर, झेरॉक्सच्या दुकानावर झोपण्याची खोली, असा हा नवा शेजार.

हा बदल इतक्या सहजतेने झाला, याचे श्रेय ऑर्डिशच्याच सांगाड्याकडे जाते. भिंतीवर भार नसल्यामुळे भिंत कोठेही घालता येई. दगडी इमारतीत खोली दुभागायची तर भार कुठे जातो याचा विचार करावा लागला असता. येथे लाकडी फळ्यांचा आडोसा पुरे होई. खोल्यांना जोडणारी वाट बाहेरच्या सज्ज्यातून जात असल्यामुळे प्रत्येक तुकड्याला स्वतःचे प्रवेशद्वार मिळाले. मुंबईतील गिरणगावच्या चाळींची आकृती याहून वेगळी नव्हती. बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने १९२० च्या दशकात वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे बांधलेल्या २०७ चाळींतही ओळीने खोल्या आणि सामाईक वाट हाच कणा होता. गोव्याहून आलेल्या खलाशांचे आणि नोकरदारांचे 'कूड' म्हणजे याच शहरातील आणखी एक मधली अवस्था. तेथे माणूस कायमचा राहत नसे, पण त्याची पेटी मात्र कायम राही. पाहुण्याच्या हॉटेलाची आणि कामगाराच्या चाळीची घडण मुळात सख्ख्या बहिणींसारखी आहे, हे वॉटसनच्या इमारतीने आपल्या आयुष्यातच दाखवून दिले. एकीत खोलीभोवती ऐश्वर्य होते, दुसरीत गर्दी.

चौकाचे मात्र घर होऊ शकले नाही. हॉटेल चालू असताना काचेखालचा दालन ही इमारतीची सर्वांत मानाची जागा होती, कारण ती मालकाची होती आणि तिच्यावर त्याची रोज नजर होती. गाळे पडल्यानंतर ती कुणाचीच राहिली नाही. तिच्यात कचरा साचू लागला, अनधिकृत बांधकामे घुसली. सामाईक जिना, सामाईक मोरी, सामाईक सज्जा यांचीही तीच गत झाली. प्रत्येक घराने आपला उंबरठा स्वच्छ ठेवला. उंबरठ्याबाहेरचे जग मालकाचे मानले. मालकाने ते भाडेकरूंचे मानले.

दोघांनाही दोष देऊन हा प्रश्न सुटत नाही, कारण त्यामागे कायद्याचा एक इतिहास आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर मुंबईत घरांची चणचण असह्य झाली तेव्हा भाड्यावर अंकुश ठेवणारा १९४७ चा कायदा आला. त्याच्या नावातच घरभाड्याबरोबर हॉटेल आणि लॉजिंग हाउस यांच्या दरांचाही उल्लेख होता. म्हणजे मुक्काम आणि बिऱ्हाड ही दोन्ही कायद्याने एकाच पंक्तीला बसविली. या कायद्याने हजारो कुटुंबांना रस्त्यावर येण्यापासून वाचविले, हे निर्विवाद आहे. परंतु गोठलेल्या भाड्यातून जुन्या इमारतीची डागडुजी होणे अशक्य झाले. १९६९ मध्ये राज्य सरकारने दुरुस्ती मंडळ स्थापून जुन्या इमारतींवर उपकर बसविला आणि दुरुस्तीची जबाबदारी अंशतः आपल्याकडे घेतली. १९९५ मध्ये मुंबईसाठी वारसा इमारतींची नियमावली आली आणि एस्प्लनेड मॅन्शनला द्वितीय श्रेणीतील वारसा वास्तूचा दर्जा मिळाला. १९९९ मध्ये भाडेनियंत्रणाचा नवा कायदा झाला. एका कायद्याने भाडेकरूला हलवू नये असे सांगितले, दुसऱ्याने इमारतीला हात लावू नये असे सांगितले. सांगाड्याला नियमित रंग कुणी द्यायचा, हे स्पष्टपणे कुणाच्याच वाट्याला आले नाही.

आणि लोखंडाला रंग लागतोच. ओतीव लोखंड दाब उत्तम सोसते, पण ताण आणि आघात त्याला सोसत नाही. ते वाकण्याऐवजी एकदम तडकते. समुद्रकाठच्या खाऱ्या दमट हवेत रंगाचे कवच उडाले की गंज धरतो. गंजलेले लोखंड फुगते, फुगल्यावर भोवतीची वीट फोडते, फुटलेल्या विटेतून पावसाचे पाणी आत मुरते आणि गंज आणखी वाढतो. वर माणसांनी नकळत घातलेला भार निराळा : पाण्याच्या टाक्या, माळे, कायद्याच्या पुस्तकांची आणि कागदपत्रांची कपाटे. सराईत एका घराचे छत गळले तर ते एकाच घराचे दुःख असते. येथे तळमजल्यावरचा खांब हा वरच्या चारही मजल्यांचा आधार आहे आणि तो कोणा एकाच्या खोलीत उभा आहे. त्या एकाला तो एकट्याने दुरुस्त करता येत नाही, आणि इतरांना तो आपला वाटत नाही. जी रचना तुकड्यातुकड्यांनी राहण्यास सर्वांत सोयीची ठरली, तीच तुकड्यातुकड्यांनी जपण्यास सर्वांत गैरसोयीची होती. या इमारतीची शोकांतिका या एका वाक्यात सांगता येते.

२००५ च्या जून महिन्यात वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंड या संस्थेने जगातील संकटग्रस्त १०० वास्तूंची यादी जाहीर केली, तीत या इमारतीचा समावेश झाला. त्यासाठी रेन्झो पियानो या इटालियन वास्तुविशारदाने आग्रह धरला होता. लगेच पुढच्या महिन्यात, ९ जुलै २००५ रोजी, भर पावसाळ्यात दर्शनी बाजूच्या सज्ज्यांचा काही भाग कोसळला. त्यात एकाचा जीव गेला आणि काही जण जखमी झाले. जगाने कौतुकाने नाव घेतले आणि सज्ज्याने प्राण घेतला, यांत जेमतेम काही आठवड्यांचे अंतर होते. त्यानंतरही इमारत भरलेलीच राहिली. अखेर २०१९ मध्ये ती धोकादायक ठरून न्यायालयाच्या आदेशाने रिकामी करण्यात आली. त्याच वर्षी आयआयटी मुंबईच्या तज्ज्ञांनी ती दुरुस्तीपलीकडे गेल्याचा निष्कर्ष काढला. वारसासंवर्धकांनी मात्र सांगाडा वाचविता येईल अशी बाजू मांडली. दीड शतकापूर्वी प्रवाशांसाठी उघडलेल्या दारातून शेवटी बाहेर पडले ते तेथील रहिवासी.

या वादात इमारतीचे जागतिक महत्त्व वारंवार सांगितले जाते. पहिला चित्रपट, मार्क ट्वेन, ऑर्डिश ही नावे घेतली जातात आणि ती घेतलीच पाहिजेत. पण ही सारी हॉटेलच्या काळातील नावे आहेत. वॉटसनचे हॉटेल जितकी वर्षे चालले, जवळजवळ तितकीच वर्षे ही वास्तू लोकांचे घर आणि कचेरी होती. त्या काळाचा इतिहास मात्र भाडेपावत्या, न्यायालयातील अर्ज आणि शिधापत्रिका यांतच विखुरलेला आहे. वारशाची नोंद करणारे पाहुण्यांची वही चाळतात, बिऱ्हाडांची हजेरी घेत नाहीत. सराय अमानत खानच्या तटाआड जे गावकरी शतकानुशतके राहिले त्यांनी सराई थोडी मोडली असेल, पण ती ओस पडून ढासळू दिली नाही, हेही तितकेच खरे. एस्प्लनेड मॅन्शनच्या रहिवाशांना तशी संधी रचनेनेच नाकारली.

म्हणून या लोखंडी पिंजऱ्याकडून शिकावयाचे ते केवळ संवर्धनाचे तंत्र नव्हे. आज देशातील प्रत्येक वाढत्या शहरात, आणि २००० मध्ये राजधानी झालेल्या रायपुरातही, माणसे अशाच सांगाड्यांत राहू लागली आहेत. खांब आणि तुळया यांवर भार, भिंती नुसत्या पडद्यासारख्या, आणि खोलीखोलीचे मालक वेगळे. लोखंडाच्या जागी सिमेंट-काँक्रीट आले, एवढाच फरक. पूर्वी पारा म्हणजे ज्याच्या त्याच्या भिंतीवर उभ्या घरांची वस्ती असे. आता एकाच खांबावर वीस कुटुंबे उभी असतात. पूर्वी शेजारी चांगला असणे ही सोय होती, आता ती रचनेची गरज आहे. घर ज्याचे त्याचे आणि खांब सर्वांचा, हे ज्या वस्तीला उमगते तिचेच बिऱ्हाड टिकते. ज्या वस्तीला ते उमगत नाही तिचा तो केवळ लांबलेला मुक्काम ठरतो.